मागच्या सीटवरची बाई

७ जुलै २०२४, रविवारची पहाट. वरळी कोळीवाड्यातले एक जोडपे मासळी घेऊन स्कूटरवरून घरी परतत होते. नवरा स्कूटर चालवत होता, बायको मागे बसली होती. मागून आलेल्या बीएमडब्ल्यू गाडीने त्यांना उडवले. नवरा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. बाईला गाडीने सुमारे दीड किलोमीटर फरफटत नेले. तिचा जीव गेला. चालक पळून गेला तो दोन दिवसांनी सापडला. त्याचे वडील एका राजकीय पक्षाचे पदाधिकारी होते.

याच्या सात आठवडे आधी, १९ मे २०२४ ला, पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. एक मुलगा आणि एक मुलगी. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने त्याला पहिल्या दिवशी जामीन दिला तो ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. पुढे ससून रुग्णालयातला रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली.

या दोन्ही घटनांवर भरपूर लिहिले आणि बोलले गेले. दारू, पैसा, बापाची सत्ता, गाडीची किंमत, सारे चर्चेत आले. ते यायलाच हवे होते. पण दारू न प्यायलेला, कुणाचा मुलगा नसलेला, नुसता फोनवर बोलत गाडी वळवणारा किंवा मागे न पाहता गाडीचे दार उघडणारा माणूस रोज कुणाला तरी पाडतो, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. ‘मोटारसायकलस्वार ठार, पत्नी जखमी.’ त्या ‘पत्नी जखमी’चे पुढे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी विचारले नाही याचे नवल नाही. आपणही विचारलेले नाही, हे मला या लेखात मांडायचे आहे.

हुंडा, मारहाण, पोटगी, परित्यक्तांचे प्रश्न, कामाच्या जागी होणारा छळ हे आपल्या संघटनांचे विषय. रस्त्यावरचा अपघात हा आरटीओचा, पोलिसांचा, फार तर विमा एजंटाचा विषय, असे आपण धरून चाललो. पण अपघात घडून गेल्यावर जे सुरू होते त्यात बाईच्या श्रमाची किंमत, तिचा पैशावरचा हक्क, तिचा घरातला निवारा, तिने करायची फुकटची सेवा, असे आपले एकूणएक प्रश्न एका जागी येऊन बसतात.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे मरणाऱ्यांचा सर्वांत मोठा गट हा मोटारसायकल-स्कूटरवाल्यांचा, ज्यांना गाडीवाले ‘मध्ये येणारे’ म्हणतात त्यांचा. मृतांमध्ये पुरुषांची संख्या फार मोठी आहे. म्हणूनच हा बायकांचा प्रश्न नाही असे अनेकींना वाटते. पण प्रत्येक मेलेल्या पुरुषामागे बहुतेक वेळा एक विधवा, एक आई, एक-दोन मुली असतात. सरकारी आकड्यात त्या दिसत नाहीत, कारण त्या मेलेल्या नसतात.

त्याच वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे कोण बसते हे सांगायला नको. नाशिकमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस आयुक्तालयाने ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम काढली. पंपावर पेट्रोल मिळावे म्हणून पुरुषांनी हेल्मेट घेतले. घरात एकच हेल्मेट आले आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर गेले. कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. पण ज्या घरात सकाळचा चहासुद्धा बाईच्या वाट्याला शेवटी येतो, त्या घरात दुसरे हेल्मेट विकत घेतले जात नाही. वर ‘तिला अंबाड्यावर बसत नाही’, ‘कुठे लांब जायचंय’ ही कारणे असतात.

साडी नेसून एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल, हातात पिशवी धरून बसलेली बाई हे आपल्या रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारी जाळी असली पाहिजे. लोक तिला साडीगार्ड म्हणतात. गाडी शोभत नाही म्हणून तरुण मुले ती काढून टाकतात. पदर चाकात गेला की म्हणतात, ‘बाईने पदर सांभाळायला नको का?’

लक्ष नसणे हाही गुन्हा आहे

आपला मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या पोटातून जातो. द्वारका, मुंबई नाका, आडगाव नाका इथे सकाळी सातला उभे राहून पाहावे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत जाणारे, मार्केट यार्डात भाजी घेऊन येणारे, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जाणारे, सारे दुचाकीवर. आणि त्यांच्या मधून कानाला फोन लावलेल्या चारचाकी. गाडीवाल्याला चूक परवडते, कारण त्याच्याभोवती पत्रा आहे. दुचाकीवाल्याला दुसऱ्याची चूकही परवडत नाही.

अपघात झाल्यावर पहिला शब्द ऐकू येतो तो ‘चुकून झालं’. जणू चूक आभाळातून पडली. फोन हातात घेऊन गाडी चालवणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणे म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास जुन्या दंड संहितेत कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे पोटकलमही त्यात लिहिले होते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि जुलैत बाकीचा कायदा लागू झाला तेव्हा ते पोटकलम वगळले गेले.

शिक्षेचे आकडे वाढवून प्रश्न सुटेल असे मी मानत नाही. स्टिअरिंगवर अनेकदा दहा-बारा हजारांवर राबणारा ड्रायव्हर असतो आणि मागे बसलेला मालक त्याला ‘लवकर हाण’ म्हणत असतो. मला महत्त्वाची वाटते ती पोलीस ठाण्यात पहिल्या दोन दिवसांत लिहिली जाणारी कागदपत्रे. कारण चूक कुणाची हे तिथे ठरते. नवरा मेलेला, बायको सिव्हिलमध्ये बेशुद्ध, आणि जबाब देतो गाडीवाला. मग कागदावर येते, ‘मोटारसायकलस्वार भरधाव वेगात येऊन धडकला.’ मेलेल्या माणसावरच गुन्हा नोंदवला जातो. बाई शुद्धीवर येते तेव्हा तिचा नवरा आरोपी झालेला असतो. तिचा जबाब घ्यायला कुणी आलेले नसते, किंवा आलेले असते ते दिराला विचारून गेलेले असते.

इथे दोन निकाल प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवेत. २०१५ च्या खेन्येई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याचे नुकसान झाले, तर तो तिसरा माणूस कोणत्याही एका वाहनाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. मागे बसलेली बाई ही अशी तिसरी व्यक्ती आहे. गाडी तिने चालवलेली नाही. नवऱ्याची निम्मी चूक होती असे ठरले तरी तिच्या स्वतःच्या जखमांची भरपाई त्यामुळे निम्मी होत नाही. दुसरा निकाल जानेवारी २०२० चा, मोहम्मद सिद्दिकी खटल्यातला. मोटारसायकलवर तिघे होते, मागून गाडीने धडक दिली. ट्रिपल सीट होते म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईतून कपात केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तिघे बसणे हा नियमभंग असेल, पण त्यामुळे अपघात घडला हे सिद्ध झाल्याशिवाय कपात करता येत नाही. आपल्याकडे नवरा, बायको, सासू अशी तिघे एका गाडीवर जातात ती हौस म्हणून नव्हे. खेड्यात जाणारी शेवटची एसटी चुकलेली असते.

‘ती काय करायची?’

आता सर्वांत कळीचा प्रश्न. बाई मेली तर नुकसान किती झाले?

दावा चालतो मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे. हिशोबाची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे. मृत व्यक्तीचे उत्पन्न, त्यात भविष्यातल्या वाढीची भर, त्यातून तिचा स्वतःचा खर्च वजा, आणि त्याला वयाप्रमाणे गुणक. नोकरदार पुरुषाचे सोपे असते, पगाराची पावती जोडली की झाले. बाईच्या बाबतीत पहिला प्रश्न येतो, ‘ती काय करायची?’ आणि घरचेच लोक उत्तर देतात, ‘काही नाही, घरीच असायची.’

या ‘काही नाही’चा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले गेली. त्या लता वाधवा खटल्यात २००१ साली न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० च्या अरुणकुमार अगरवाल खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी दाखवून दिले की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्या’ गटात बसवले होते.

मग ५ जानेवारी २०२१ चा कीर्ती खटल्याचा निकाल आला. हे प्रकरण आपल्या विषयाचेच आहे. एप्रिल २०१४ मध्ये दिल्लीत सकाळी एक जोडपे मोटारसायकलवरून जात होते. एका मोटारगाडीने धडक दिली, दोघेही गेले. मागे दोन लहान मुली आणि म्हातारे आईवडील. प्राधिकरणाने ४०.७१ लाख रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते २२ लाखांवर आणले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ३३.२० लाख केले. या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे दिले. घरातल्यांसाठी बिनमोल घरकामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७. माणसे सांभाळण्याच्या कामात बाई १३४ मिनिटे, पुरुष ७६. न्यायालयाने सांगितले की गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरलीच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एका खटल्यात न्यायालयाने विचारले, गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी कसे धरता येईल? त्या बाईचा अपघात २००६ चा होता. भरपाईचे सहा लाख ठरायला १८ वर्षे गेली.

याने रुपयात किती फरक पडतो? समजा ३२ वर्षांची बाई, तिच्यावर अवलंबून चार जण. गुणक १६. तिचे काम महिना ३,००० रुपयांचे धरले, वाढ धरली नाही, स्वतःचा पाव खर्च वजा केला, तर रक्कम होते ४,३२,०००. तेच काम १०,००० रुपयांचे धरून ४० टक्के वाढ मिळवली, तर रक्कम होते २०,१६,०००. बाई तीच, मुले तीच, स्वयंपाक तोच. सोळा लाखांचा फरक पडतो तो ‘ती काय करायची’ या प्रश्नाला कोण कसे उत्तर देते त्यावर.

आणि जी बाई खरोखर कमावते तिचे काय? वरळीची ती बाई मासळीच्या धंद्यातली होती. आपल्याकडच्या द्राक्षतोडणाऱ्या, भाजीवाल्या, पापड लाटणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका घराचा निम्मा भार उचलतात. त्यांच्याकडे पावती नसते, म्हणून न्यायालयात त्या ‘गृहिणी’ होतात. त्यांची मजुरीही गेली आणि घरकाम तर आधीच फुकटात गेलेले. दोन पाळ्या करणाऱ्या बाईची एकच पाळी मोजली जाते, तीही कमी दराने.

काही मैत्रिणींचा याला आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. त्या म्हणतात, घरकामाला रुपये लावले की बाईची जागा घरच, हे आपणच मान्य करतो. मायेची किंमत करायची का? मला वाटते, किंमत न केल्याने माया वाढलेली दिसत नाही, काम मात्र फुकट घेतले गेले आहे. खरा धोका दुसरा आहे. आपल्या देशात बाईच्या घरकामाचा हिशोब तिच्या मरणानंतर होतो. तीच बाई जिवंतपणी पोटगी मागायला आली की तिला ऐकवले जाते, ‘ती घरी बसून खाते.’ नवऱ्याच्या नावावरच्या घरात आपलाही वाटा आहे असे म्हणाली की विचारले जाते, ‘तू काय कमावलंस?’ म्हणून या निकालांतली वाक्ये आपण अपघाताच्या फायलीत पडून राहू देता कामा नयेत. पोटगीच्या अर्जात, वैवाहिक मालमत्तेच्या मागणीत ती वापरली पाहिजेत. मेलेल्या बाईचे श्रम मोजता येतात तर जिवंत बाईचेही मोजता येतात.

पैसा कुणाच्या हाती

आता नवरा गेला आणि बाई उरली तर काय होते ते पाहू. दिंडोरी तालुक्यातली एक बाई आमच्याकडे आली ती सासरचे घरातून काढतात म्हणून. नाव-गाव देत नाही. बोलता बोलता कळले की अकरा महिन्यांपूर्वी ती आणि नवरा मोटारसायकलवरून बागेतून परतत होते. पुढची गाडी इंडिकेटर न देता पेट्रोल पंपाकडे वळली, चालक फोनवर होता. नवरा तिसऱ्या दिवशी गेला, तिच्या पायात सळई पडली. ती दवाखान्यात असतानाच दिराने गाडीवाल्याशी ‘मिटवले’. रोख रक्कम घेतली, ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून दिले. किती घेतले ते तिला आजही माहीत नाही. तिला सांगण्यात आले, ‘गेलेला माणूस काय परत येणार आहे? कोर्टाच्या पायऱ्या तू कुठे चढणार?’ दिराने लिहून दिलेल्या कागदाने विधवेचा आणि मुलांचा हक्क संपत नाही, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

२०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ही तरतूद कुणावर पडते? दिवस घालणारी, पांढऱ्या कपाळाने घराबाहेर न पडणारी, पाय प्लास्टरमध्ये असलेली, कागद दिराकडे असलेली बाई सहा महिन्यांत वकील कुठून गाठणार? या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. दिंडोरीच्या बाईचा दावा आम्ही उशिराचे कारण देऊन दाखल केला आहे. पण बाईने त्या भरवशावर राहू नये.

दावा लागला तरी झगडा संपत नाही. भरपाईत विधवेचा, मुलांचा आणि आईचा वाटा असतो. मग सासू आणि सून यांना एकमेकींसमोर उभे केले जाते. ‘ही उद्या दुसरं लग्न करील, पैसा घेऊन जाईल.’ विमा कंपन्याही हाच मुद्दा कोर्टात मांडतात. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका विमा कंपनीने म्हटले की विधवेने पुनर्विवाह केला, आता तिला भरपाई कशाला? तिचा नवरा २०१० साली मोटारसायकलवर मागे बसलेला असताना अपघातात गेला होता. ती तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. न्यायमूर्ती डिगे यांनी कंपनीचे म्हणणे फेटाळले. भरपाई मिळावी म्हणून बाईने जन्मभर किंवा पैसे हाती पडेपर्यंत विधवा राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. बायको मेली आणि नवऱ्याने सहा महिन्यांत लग्न केले, तर हा प्रश्न कुणी विचारते का?

मंजूर रकमेचा काही भाग बँकेत मुदतठेव म्हणून ठेवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून आहे. निरक्षर बाईचा पैसा नातेवाइकांनी लुबाडू नये हा तिचा हेतू. तो चांगला आहे. पण ठेवीची पावती कुणाच्या पेटीत, पासबुकावर अंगठा कुणासमोर, हे पाहायला कुणी नसेल तर ठेवही दिराचीच होते. आणि बाई हिशेबाची पक्की असेल, तिला शिलाई मशीन किंवा शेळ्या घ्यायच्या असतील, तर तिचा पैसा अडकवून ठेवणे हाही अन्यायच. तिला विचारून ठरवा, एवढेच आपले म्हणणे असावे.

जो वाचला त्याला सांभाळणारी

ज्या अपघातात कुणी मरत नाही, त्याकडे तर कुणीच पाहत नाही. कमरेखाली लुळा झालेला नवरा, डोक्याला मार लागून चिडखोर झालेला मुलगा. त्यांना उठवणे, धुणे, कुशीवर वळवणे, रात्री जागणे हे काम बाईचे. त्यासाठी ती कंपनीतले काम सोडते. तिची मजुरी बुडाली हे कुठल्याच अर्जात लिहिले जात नाही. मुलगी शाळा सोडते, तेही नाही. २०२० च्या काजल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्व आलेल्या एका मुलीला सांभाळण्यासाठी दोन मदतनिसांचा खर्च धरला आणि तो एकरकमी न देता गुणकाने मोजला. म्हणजे चोवीस तासांची सेवा एका माणसाचे काम नव्हे, हे न्यायालयाने मानले. आपल्या घरांत मात्र ते एका बाईचे काम आहे, आणि तिची सुट्टी नाही. उलट बाईच जखमी झाली तर? आमच्या पाहण्यात असे आहे की पाय अधू झालेल्या बाईला ‘कामाची राहिली नाही’ म्हणून माहेरी धाडले जाते. तिच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्केवारी असते, पण त्याने ती टाकलेली बाई झाली याची नोंद नसते.

आपण काय करायचे

एक. आपल्या प्रत्येक केंद्रात येणाऱ्या विधवेला, परित्यक्तेला ‘अपघात झाला होता का?’ हा प्रश्न विचारला जावा. अर्जाच्या नमुन्यात तो रकाना घालावा.

दोन. अपघाताच्या पहिल्या आठवड्यात कार्यकर्तीने दवाखान्यात जावे. बाईचा स्वतंत्र जबाब नोंदवला जाईल हे पाहावे, एफआयआरची प्रत घ्यावी. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताची पहिली माहिती प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायची आहे व ९० दिवसांत सविस्तर अहवाल. डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम पाळण्याचे आदेश दिले आहेत. हे कागद गेले का, एवढे विचारायला गेलो तरी फरक पडतो.

तीन. दावा सहा महिन्यांच्या आत. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. चूक सिद्ध करणे अवघड असेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, चूक न शोधता मिळू शकतात. कोणता मार्ग घ्यायचा ते वकिलाशी बोलून बाईने ठरवावे. गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी ५०,००० आहेत.

चार. बचत गटाच्या बैठकीत कमाईच्या नोंदीचा विषय घ्यावा. मुकादमाकडून हजेरीची चिठ्ठी, बँकेत थोडी थोडी जमा, ई-श्रम कार्ड, गटाचे पासबुक. हे कागद भरपाईसाठी गोळा करायचे असे सांगितले की बायका ‘अशुभ बोलू नका’ म्हणतात. तेव्हा सांगावे की हे कागद जिवंतपणीही कामाला येतात.

पाच. विम्याबद्दल बोलावे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल आणि चूक आपल्याच दुचाकीवाल्याची असेल, तर मागे बसलेल्या बाईला त्या पॉलिसीतून काही मिळत नाही. हे २००६ च्या तिलकसिंग निकालापासून पक्के आहे. मागच्या सीटचा विमा आहे का, हे बाईने विचारायला शिकले पाहिजे. तसेच दुसरे हेल्मेट आणि साडीगार्डही.

आणि सरकारकडे आपली मागणी असावी की सहा महिन्यांची मुदत रद्द करा, भरपाईसाठी घरकामाचे मोल किमान वेतनाच्या खाली धरू नका, मागे बसणाऱ्याचा विमा सक्तीचा करा, आणि पीडितांच्या हक्कांचा कागद मराठीत, बाईच्या हातात, तिला वाचून दाखवून द्या.

रस्ते रुंद होतील, उड्डाणपूल होतील, गाड्यांचा वेग वाढेल. गाडीवाल्याचे लक्ष रस्त्यावर ठेवायला पोलीस आणि कायदा लागेल. पण अपघातानंतर त्या बाईकडे लक्ष ठेवणे हे काम आपले आहे. येत्या तिमाहीत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या गेल्या तीन वर्षांतल्या अपघातांची यादी करावी. कोण गेले, मागे कोण उरले, दावा झाला का, पैसा कुणी घेतला. नाशिकपुरती ही यादी आम्ही सुरू केली आहे. तुमची तयार झाली की कळवा.